दुसऱ्या ओळीत काय लिहू?

सामना रविवारी असतो आणि त्या सामन्यातला सर्वोत्कृष्ट खेळाडू कोण, हे मला शनिवारी संध्याकाळीच माहीत असतं. मी काही ज्योतिषी नाही. ठाण्याला कोपरीत आमचं ट्रॉफ्यांचं दुकान आहे.

सासऱ्यांनी घातलेलं दुकान नवऱ्याने वाढवलं आणि ह्यांचे गुडघे कुरकुरायला लागल्यावर माझ्या गळ्यात पडलं. गळ्यात पडलं म्हणते खरी, पण मला ते पहिल्या महिन्यापासूनच आवडलं. सोन्यासारखं चमकणारं सगळं दिवसभर आजूबाजूला असतं आणि दुकानात येणारा माणूस सहसा खुशीत असतो. औषधांच्या दुकानदाराला हे सुख मिळत नाही.

बाहेरच्यांना वाटतं, ट्रॉफी म्हणजे आतून-बाहेरून एक अखंड वस्तू. तसं काही नसतं. खाली लाकडाचा ठोकळा, त्यावर नळी, नळीवर कप आणि कपावर तो छोटा सोनेरी खेळाडू. हे सगळं स्क्रूने आवळलेलं असतं. फुटबॉलवाला खेळाडू तर वर्षानुवर्षं एकाच साच्यातून निघतो. त्याचा उजवा पाय बॉलवर आणि नजर आभाळात. एकदा एक डावखुरा फॉरवर्ड कप परत घेऊन आला होता, "काकी, हा मी नाहीच." त्याला मी म्हटलं, "बाळा, तुझं जे काही आहे ते खालच्या पट्टीत आहे." आणि खरोखरच, ठोकळ्यावर चिकटवलेली ती नावाची सोनेरी पट्टी सोडली, तर आमच्या दुकानातल्या सगळ्या ट्रॉफ्या कोणाच्याही असू शकतात.

आता गंमत अशी की बक्षीस समारंभ सामना संपल्यावर लगेच असतो. पाहुणे घाईत असतात, मंडपवाला खुर्च्या गोळा करायला टपलेला असतो. त्यामुळे पट्ट्या आदल्या दिवशीच कोरून न्याव्या लागतात. विजेता आणि उपविजेता यांचं अडत नाही, तिथे संघाचं नाव लागत नाही. पण 'सर्वोत्कृष्ट खेळाडू'च्या पट्टीवर नाव हवंच. मग कमिटीवाले माझ्या काउंटरला टेकून उभे राहतात, एकमेकांकडे बघतात आणि अजून न झालेल्या सामन्यातला सर्वोत्कृष्ट खेळाडू सांगून मोकळे होतात.

गेली काही वर्षं ते नाव बहुतेकदा तेजसचंच असे. हा डोंबिवलीचा पोरगा. मानेवर रुळणारे केस, घोट्यापर्यंत खाली ओढलेले मोजे आणि बॉल पायात आला की मैदानाच्या कडेची माणसं आपोआप उभी राहणार, असा खेळ. ठाण्यापासून कल्याणपर्यंत कुठेही स्पर्धा असो, तेजस असला की गर्दी. त्याचं नाव मी कोरायच्या मशीनच्या कॉम्प्युटरमध्ये तयारच करून ठेवलं होतं. वरचं स्पर्धेचं नाव बदललं की काम झालं.

खेळाडू फार गुणी, त्यात वाद नाही. पण काउंटरवर कमिटीवाल्यांचं बोलणं ऐकून ऐकून माझ्या लक्षात आलं की ह्या लोकांकडे दोन वजनकाटे असतात. तेजस मैदानात चालत फिरला तर तो 'गेम वाचतोय', दुसरा कोणी चालला तर त्याला दम नाही. तेजसने रेफ्रीच्या अंगावर जाऊन हुज्जत घातली तर किती जीव तोडून खेळतो बघा, आणि एखाद्या बॅकने, म्हणजे मागे राहून गोल वाचवणाऱ्याने, नुसतं "का सर?" विचारलं की त्याला वळण नाही. एकदा तर तेजसला लाल कार्ड मिळालं आणि त्याच संध्याकाळी त्याच्या टीमला माझ्याच दुकानातला 'शिस्तबद्ध संघ' हा कप दिला. मी विचारलं, "अहो, लाल कार्ड?" तर म्हणाले, "काकी, पण बाहेर किती शांतपणे गेला तो!"

हे काही फक्त तेजसच्याच बाबतीत होतं असं नाही. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्याची डिपार्टमेंट-डिपार्टमेंटमध्ये स्पर्धा व्हायची. त्यांचा सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरलेला, जनरल मॅनेजर. साहेब शेवटी शेवटी उतरायचे, सगळे मिळून त्यांच्या पायात बॉल आणून द्यायचे आणि गोलकीपर बुटाची नाडी बांधायला बसायचा. साहेब माणूस मजेशीर होते. एकदा स्वतः दुकानात येऊन म्हणाले, "ह्या वर्षी माझी ट्रॉफी जरा छोटी करा, घरी बायको हसते."

मला मात्र खंत एकाच गोष्टीची वाटायची. एवढी वर्षं फुटबॉलची नावं कोरते आहे, पण बॅकचं नाव जवळजवळ कधी कोरलंच नाही. फॉरवर्ड, मिडफिल्डर, अधूनमधून एखादा गोलकीपर. बॅक म्हणजे जणू मैदानाबरोबरच आलेली वस्तू.

तर मुद्द्यावर येते. पट्ट्यांचा पत्रा मी वागळे इस्टेटमधून कापून आणते. एकदा बोलण्याच्या नादात मी कपांच्या पट्ट्यांना शिल्डचं माप सांगून बसले. रुंदीला बरोबर, उंचीला दुप्पट. तेही भलाथोरला गठ्ठा. कापलेला पत्रा कोण परत घेणार? त्या पट्टीवर नाव कोरलं की खाली टक्कल पडल्यासारखी मोकळी जागा राहायची. आमचे हे म्हणाले, "भंगारात दे." भंगारात देते! मी गिऱ्हाइकांनाच विचारायला सुरुवात केली, "नाव झालं, दुसऱ्या ओळीत काय लिहू? बक्षीस कशाबद्दल?"

लोक आधी गोंधळले आणि मग रंगात आले. कॅरमवाल्यांनी लिहून घेतलं, 'हरत आलेल्या डावात राणी घेतल्याबद्दल'. एका सोसायटीने बॅडमिंटनच्या काकांना कप दिला, 'रोज सगळ्यांच्या आधी येऊन नेट बांधल्याबद्दल'. ते काका पट्टी वाचून माझ्या दुकानातच रडले आणि मग मला चहा पाजला. माझी चूक अशी काही फळली की लोक मुद्दाम मोठी पट्टी मागू लागले. फुटबॉलवाले तेवढे दुसऱ्या ओळीला बिचकायचे.

मग तो नार्वेकर आला. नार्वेकर म्हणजे डोंबिवलीच्या एका मोठ्या स्पर्धेचा सेक्रेटरी. आवाज लाऊडस्पीकरचा, मन लोण्याचं आणि तेजसचा निस्सीम भक्त. दुसऱ्या दिवशी फायनल होती.

"काकी, नेहमीसारखं. तेजस."

"दुसऱ्या ओळीत काय लिहू?"

"काय लिहू म्हणजे? तेजस आहे तो. लिहायला काय लागतं?"

"कशाबद्दल ते सांग. मोठीच पट्टी आहे."

त्याने डोकं खाजवलं. "मॅच झाल्यावर सांगितलं तर?"

"मग नावही मॅच झाल्यावरच कोरीन. दोन्ही ओळी एकदम मांडल्या तरच मधोमध बसतात. मी पेन घेऊन येते उद्या मैदानावर."

हे पेन म्हणजे हाताने कोरायचं विजेचं पेन. मशीन येण्याआधी सगळं काम आम्ही त्यानेच करायचो. नार्वेकर नाइलाजाने हो म्हणाला, कारण ह्या वेळच्या ट्रॉफीला भाव आलेला होता, अर्धी मोकळी पट्टी चालली नसती. सेमीफायनलला पाहुणे म्हणून आलेल्या प्रभुदेसाई सरांनी माइकवरून जाहीर केलं होतं की फायनलचा सर्वोत्कृष्ट खेळाडू त्यांच्या कल्याणच्या शाळेत फुटबॉल कोच म्हणून नेमला जाईल. सर त्या शाळेचे विश्वस्त. शब्दाचे पक्के.

"अरे, पण तेजसला तर नोकरी आहे ना चांगली?" मी विचारलं.

"आहे की. तो शाळेला नाही म्हणेल, ते नंतर बघू. नाव मात्र त्याचंच पाहिजे!"

दुसऱ्या दिवशी दुपारी मी मैदानावर पोचले. बक्षिसांच्या टेबलाशेजारी खुर्ची टाकून बसले. पेनला वीज हवी म्हणून माइकवाल्याच्या बोर्डातून वायर घेतली. पेन चालू करून बघते तर काय, त्याची घरघर सगळ्या लाऊडस्पीकरमधून मैदानभर! लोक दचकून वर बघायला लागले. माइकवाला म्हणाला, "काकी, नाव कोरताय हे आता स्टेशनपर्यंत कळणार."

माझ्या बाजूच्या खुर्चीवर एक बाई येऊन बसल्या. मांडीवर डबा, हातात रुमाल आणि नजर मैदानावर. बोलता बोलता कळलं की त्या सिद्धार्थच्या आई. सिद्धार्थ म्हणजे तेजसच्या विरुद्धच्या टीमचा बॅक. वागळे इस्टेटमध्ये एका पॅकिंगच्या युनिटमध्ये कामाला होता आणि ते युनिट महिनाअखेर दुसरीकडे हलणार होतं. दर रविवारी वस्तीतल्या पोरांना फुटबॉल शिकवायचा, हौसेने.

"त्या शाळेच्या नोकरीचं ऐकल्यापासून झोप नाही त्याला," त्या म्हणाल्या. "म्हणतो, आई, आयुष्यभर करीन मी ते काम. पण बक्षीस तर ठरलंय म्हणतात ना ओ?"

माझ्या पिशवीत कोरी पट्टी होती, पण नार्वेकरच्या डोक्यात ती कधीच भरलेली होती.

सामना सुरू झाला. तेजसच्या पायात बॉल गेला की माइकवरचा समालोचक किंचाळायचा, "तेजस! तेजस!" आणि मग एकदम, "अरेरे, तेजसकडून बॉल निसटला!" बॉल निसटत बिसटत नव्हता. सिद्धार्थ तो काढून घेत होता. धक्का नाही, खेचाखेची नाही. तेजस जिथे वळणार तिथे हा आधीच उभा, एखाद्या सोसायटीच्या वॉचमनसारखा. तेजस डावीकडे गेला, हा डावीकडे. उजवीकडे गेला, हा उजवीकडे. बॉल घ्यायचा, आपल्या माणसाला द्यायचा आणि परत जागेवर.

बऱ्याच वेळाने आईंनी मला हळूच विचारलं, "माझा पोरगा काही करतच नाही का ओ? त्याचं नाव एकदाही घेतलं नाही माइकवर."

मला हसूही आलं आणि गलबलूनही आलं. "ताई, बॅकचं नाव चुकल्यावर घेतात. तुमचा पोरगा चुकतच नाहीये."

त्यांनी रुमाल घट्ट धरला आणि मग मात्र खुर्चीच्या टोकावर येऊन बघायला लागल्या.

उत्तरार्धात सिद्धार्थच्या टीमने कॉर्नरवर गोल केला. थोड्या वेळाने त्यांच्यातल्याच दुसऱ्या एका पोराच्या हाताला बॉल लागला आणि तेजसच्या टीमला पेनल्टी मिळाली. तेजसने केस मागे घेतले, धावत आला आणि बॉल बारवरून थेट पलीकडच्या रस्त्यावर. रिक्षावाल्याने परत फेकला. समालोचक म्हणाला, "काय ताकद आहे बघा पायात!"

शिट्टी वाजली. सिद्धार्थची टीम जिंकली. आणि नार्वेकर दोन कमिटी मेंबरना घेऊन माझ्या टेबलापाशी आला.

"काकी, लिहा. तेजस."

मी पट्टी पुढ्यात ठेवली, पेन चालू केलं. मैदानभर घरघर झाली आणि लोक टेबलाकडे सरकायला लागले. मी पेन बंद केलं.

"दुसऱ्या ओळीत?"

"लिहा... उत्कृष्ट खेळाबद्दल."

"कुठला खेळ? कालचा?"

एक मेंबर म्हणाला, "पेनल्टी घेण्याचं धाडस दाखवल्याबद्दल. जिगर लागते काकी."

"बॉल परत देणाऱ्या रिक्षावाल्याचं काय मग?"

आजूबाजूला हशा पिकला. दुसरा मेंबर विचार करून म्हणाला, "मैदानावर प्रेक्षक खेचून आणल्याबद्दल."

"बाहेरच्या भेळवाल्यानेही आणलेत," मी म्हटलं. खरं तर मला आता मजाच यायला लागली होती. मी पुन्हा पेन चालू केलं, घरघर झाली, गर्दीतून कोणी ओरडलं, "कोणाचं नाव, कोणाचं?" मी पुन्हा बंद केलं. नार्वेकरच्या कपाळावर घाम होता. तो माणूस लबाड नव्हता. त्याच्या डोळ्यांना मैदानात तेजसशिवाय कोणी दिसायचंच नाही, एवढंच.

"काकी, आज त्याचा दिवस नव्हता, हे कबूल," तो शेवटी कळवळून म्हणाला. "पण म्हणून काय तो सर्वोत्कृष्ट नाही का?"

"कोणाचा दिवस नव्हता?"

मागे तेजस उभा होता. पाणी प्यायला आलेला, केसांतून घाम निथळत होता. नार्वेकर एकदम गडबडला. "तुझा रे. होतं असं. मोठ्या प्लेअरचा एखादा दिवस..."

"दिवस माझा होता, नार्वेकर काका," तेजस म्हणाला. "सकाळपासून एकदम फिट होतो मी. पाय हलके, बॉल पण पायाला चिकटत होता. त्याने खेळू नाही दिलं." त्याने मैदानाच्या कडेला बूट काढत बसलेल्या सिद्धार्थकडे बोट केलं. "तुम्ही लोक पण ना, कमाल करता. मी हरलो की माझा दिवस नव्हता. अरे, समोर कोणी होता की नाही? याआधी तीन मॅच झाल्या ह्याच्यासमोर, तिन्ही वेळा त्याने माझी वाट लावली आणि तिन्ही वेळा कप मला! लाज वाटते यार घरी न्यायला."

तेजसने टेबलावरची कोरी पट्टी उचलून बघितली.

"काकी, दोन ओळी बसतात ना? वर सिद्धार्थ लिहा. खाली लिहा, 'तेजसला एकही फाऊल न करता रोखल्याबद्दल'."

मी नार्वेकरकडे पाहिलं. कमिटीने हो म्हटल्याशिवाय मी कोरत नाही, तो धंद्याचा नियम आहे. नार्वेकरने मनातल्या मनात ती ओळ म्हणून पाहिली. पुन्हा म्हणून पाहिली. आणि त्याचा चेहरा हळूहळू उजळत गेला.

"म्हणजे तेजसचं नावही येतंय ना पट्टीवर?"

"येतंय की."

"मग लिहा!" नार्वेकर गरजला. "लिहा काकी, बघता काय!"

मी पेन चालू केलं. ह्या वेळी घरघर थांबली नाही. लोक अक्षरागणिक ओरडायला लागले, "सि! द्धा! र्थ!" आणि मी खाली वाकून त्यांच्या तालावर कोरत होते. 'र्थ' जरा तिरपाच आला. आईंनी डबा खाली ठेवला आणि दोन्ही हातांनी माझी खुर्ची धरून उभ्या राहिल्या. एवढ्या वर्षांत एवढी देखणी पट्टी मी कोरली नव्हती, तिरप्या अक्षरासकट.

प्रभुदेसाई सरांच्या हातून ट्रॉफी द्यायची होती. सर वयाने सत्तरीपुढचे, पांढरा सदरा, बोलणं मोजकं. त्यांनी चष्मा लावून पट्टी वाचली, सिद्धार्थकडे नीट पाहिलं आणि माइक हातात असतानाच विचारलं, "शाळेत याल ना?"

"येईन सर." आवाज एवढासा.

"एक अडचण आधीच सांगून ठेवतो. शाळेच्या संघाचा हिरो माझा नातू आहे. गोल भरपूर करतो, पण सरावाला कधीच वेळेवर येत नाही. आणि आत्तापर्यंत त्याला कोणी काही बोललेलं नाही. त्याचं काय करणार आपण?"

नार्वेकर मागून सिद्धार्थला डोळ्यांनी खुणावत होता, गोड बोल रे, गोड बोल. आईंचे ओठ हलत होते. तेजस स्टेजच्या पायरीवर बसून बघत होता. सिद्धार्थने ट्रॉफी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. नोकरी अगदी समोर उभी होती, हात लांब केला की मिळाली असती.

"सर, उशिरा येणाऱ्या बाकीच्या पोरांना काय करतात?"

"मैदानाला फेऱ्या मारायला लावतात."

"मग त्यालापण फेऱ्या," सिद्धार्थ म्हणाला. "आणि फेऱ्या झाल्या की महिनाभर बॅकला उभा करीन त्याला. गोल वाचवायला किती पळावं लागतं, ते कळूदे."

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग ते माइकमध्ये म्हणाले, "सोमवारपासून या. आणि पहिल्या फेरीला मला बोलवा, मला बघायचं आहे."

सिद्धार्थने ट्रॉफी माझ्या टेबलावर ठेवली, पुन्हा खुर्चीवर बसलेल्या आईपाशी आला आणि खाली बसून त्यांच्या मांडीवर डोकं टेकवलं. मागे लाऊडस्पीकरवर समालोचक बेंबीच्या देठापासून त्याचं नाव घेत होता आणि त्या माउलीला त्या गोंगाटात ते ऐकूच येत नव्हतं. मी त्यांच्या कानाशी वाकून सांगितलं, "ताई, घेतलं बरं का. नाव घेतलं."